मे महिन्यातल्या सहलीचे पैसे जूनमध्ये बाजूला पडतात

वाचकांचे प्रश्न आणि त्यांची उत्तरे

या महिन्यात ठाणे आणि नवी मुंबईतून आलेल्या बऱ्याच पत्रांचा विषय एकच आहे : कुटुंबाला घेऊन चार दिवस बाहेर जायचे आहे, परंतु पैसे साठत नाहीत. त्यांपैकी पाच पत्रे येथे घेतली आहेत. पहिल्या पत्राचे उत्तर बरेच लांबले आहे, कारण त्यात सांगितलेल्या अडचणी बहुतेक घरांत थोड्याफार फरकाने त्याच असतात.

प्रश्न : आम्ही घरात पाच जण आहोत. यजमान खासगी कंपनीत नोकरी करतात आणि मी घरी शिकवण्या घेते. दोघांचे मिळून महिन्याला पासष्ट हजारांच्या आसपास येतात. घराचा हप्ता, दोन मुलांच्या शाळा आणि सासूबाईंची औषधे हे सगळे त्यातूनच भागते. गेली चार वर्षे आम्ही मे महिन्यात मालवणला जाण्याचे ठरवत आहोत. मी घरखर्चात काटकसर करते, पण मार्च उजाडेपर्यंत हाती काहीच उरलेले नसते. दिवाळीला यजमानांना बावीस हजार बोनस मिळतो, तोही फराळ, कपडे आणि भाऊबीज यांत संपतो. सहा दिवसांच्या सहलीचा खर्च आम्ही ६६,००० रुपये काढला आहे. एवढी रक्कम कशी जमवावी? महिन्याच्या खर्चाची यादी सोबत जोडली आहे.
— एक वाचक भगिनी, वर्तकनगर, ठाणे

उत्तर : तुमची यादी मी नीट पाहिली. तुमची काटकसर कमी पडते आहे असे मला मुळीच वाटत नाही. ती करूनही पैसा दिसत नाही याचे कारण असे की, खर्चातून वाचलेला पैसा आणि बाजूला काढलेला पैसा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जांभळी नाक्याच्या बाजारात चालत जाऊन तुम्ही भाजीत साठ रुपये वाचवता, पण ते त्याच पाकिटात राहतात आणि दुसऱ्या दिवशी पाऊस आला म्हणून रिक्षाला जातात. महिनाअखेरीस तुम्हाला कष्ट आठवतात, रक्कम मात्र दिसत नाही. बँकेच्या काउंटरवर मी जी वर्षे काढली, त्यांत नियमितपणे सहलीला जाणारी कुटुंबे मी पाहिली आहेत. ती काही फार कमावणारी नव्हती. पगार झाल्याच्या दुसऱ्या दिवशी सहलीची रक्कम वेगळ्या खात्यात टाकायची आणि मग उरलेल्यात घर चालवायचे, एवढीच त्यांची रीत होती.

तुमच्या आकड्यांत हे असे बसते. जून ते एप्रिल हे अकरा महिने आहेत. बोनसमधले निम्मे, म्हणजे ११,००० रुपये, सहलीसाठी काढावेत. फराळ आणि कपडे उरलेल्या निम्म्यात बसवावे लागतील आणि हे दिवाळीच्या आठवड्यात न ठरवता आत्ताच घरात बोलून ठेवावे, कारण त्या आठवड्यात कोणाचेही मन आवरत नाही. राहिलेले ५५,००० अकरा महिन्यांत जमवायचे म्हणजे महिन्याला ५,००० झाले.

हे पाच हजार यादीत कुठे आहेत, तेही पाहू. बाहेरचे खाणे तुम्ही महिन्याला ६,००० लिहिले आहे. ते पूर्ण बंद करण्याचा सल्ला मी देणार नाही, कारण पूर्ण बंदी दोन महिन्यांत मोडते आणि मग सगळाच बेत सुटतो. ते निम्म्यावर आणावे, म्हणजे ३,००० मिळतात. शिकवणीला आणि स्टेशनला जाण्यासाठी रिक्षाचे १,६०० आहेत. परिवहनची बस किंवा शेअर रिक्षा शक्य असेल तेव्हा धरली, तर त्यातले ८०० सहज सुटतात. मोबाइलवरच्या दोन मनोरंजन सेवा आणि जवळजवळ न वापरलेले व्यायामशाळेचे सभासदत्व यांचे ६०० आपोआप कापले जातात. बँकेच्या अॅपमध्ये जाऊन ती स्वयंचलित वजावट आजच थांबवावी. उरलेले ६०० किराण्यातून मिळतात. यादी न करता मॉलमध्ये शिरले की एकावर एक मोफत मिळालेल्या वस्तू आपण गरज नसताना घरी आणतो. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ पासून सभासदांच्या गटांना एकत्र खरेदीतून किराणा पुरवते. तिथे आधी यादी भरून द्यावी लागते आणि माझ्या मते ही शिस्तच दराइतकी उपयोगी आहे. वर्षाचा मसाला, डाळी आणि तांदूळ यांसाठी तीन-चार शेजारणींनी मिळून वाशीच्या बाजार समितीत एक फेरी मारली तरीही फरक जाणवतो.

आता हे पाच हजार ठेवावेत कुठे? बँकेत अकरा महिन्यांचे आवर्ती ठेव खाते उघडावे आणि पगाराच्या दुसऱ्या दिवशी हप्ता आपोआप वळता होईल असे करावे. सहा टक्के दर धरला तर मुदतीअखेर सुमारे १,६५० रुपये व्याज मिळेल. ही काही मोठी रक्कम नाही. ठेवीचा खरा उपयोग असा की पैसा नजरेआड जातो आणि तो मोडण्यासाठी मुद्दाम पाऊल उचलावे लागते. पोस्टाची आवर्ती ठेव महिन्याला १०० रुपयांपासून सुरू करता येते, पण तिची मुदत पाच वर्षांची असते. ती तीन वर्षांच्या आधी बंद करता येत नाही आणि त्यानंतर बंद केली तर बचत खात्याच्या दराने व्याज मिळते. त्यामुळे पुढच्या मेसाठी ती उपयोगाची नाही. मुलगी दहावी झाल्यावर कुठेतरी लांब जायचे असेल, तर मात्र पोस्टाच्या ठेवीचा विचार करावा.

बोनसचे ११,००० या ठेवीत घालू नयेत, ते बचत खात्यात मोकळे ठेवावेत. रेल्वेचे आरक्षण पूर्वी १२० दिवस आधी खुले होत असे. १ नोव्हेंबर २०२४ पासून ते प्रवासाच्या दिवसाआधी ६० दिवसांवर आले आहे. तुम्ही १० मे रोजी निघणार असाल, तर त्या तारखेचे आरक्षण ११ मार्चला सकाळी आठ वाजता खुले होईल. मे महिन्यात कोकणात जाणाऱ्या गाड्यांना चाकरमान्यांची किती गर्दी असते, हे ठाणेकरांना सांगायला नको. चार दिवसांनी बघू म्हटले की प्रतीक्षायादी हाती येते आणि मग खासगी बस किंवा भाड्याची मोटार करून खर्चाचा सगळा अंदाज कोलमडतो. म्हणजे सहल मेमध्ये असली तरी पहिले पैसे मार्चमध्ये लागतात आणि गेली चार वर्षे तुमचा हात नेमका मार्चमध्येच रिकामा होता. आरक्षणाच्या संकेतस्थळावरचे खाते आधारशी आधीच जोडून ठेवावे, ऐन वेळी त्यात अडकू नये. निघण्याचा आणि परतण्याचा दिवस आठवड्याच्या मधला धरावा, कारण शनिवार-रविवारी खोल्यांचे भाडे चढते.

कुडाळ किंवा कणकवली स्थानकावर उतरल्यावर मालवणपर्यंत एसटी घ्यावी. १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धे तिकीट आहे, त्यामुळे तुमचे, मुलीचे आणि सासूबाईंचे भाडे निम्म्यावर येते. राहण्यासाठी पर्यटन विकास महामंडळाचे तारकर्लीचे निवासस्थान आहे आणि निवास-न्याहारी योजनेतली घरेही आहेत. पाच जणांना घरगुती ठिकाणी दोन खोल्या आणि घरचेच जेवण घेतले, तर हॉटेलपेक्षा बराच फरक पडतो. मुलांना समुद्रातले खेळ खेळायचे असतील तर मेच्या मध्यापर्यंत जाऊन यावे, कारण पावसाळ्याच्या तोंडावर ते बंद होतात.

काही ठिकाणी मात्र बचत करू नये. सासूबाईंचे गुडघे दुखतात असे तुम्ही लिहिले आहे. त्यांच्यासाठी वातानुकूलित डबा घ्यावा लागला तर घ्यावा आणि तेवढ्यासाठी सहल एका दिवसाने कमी करावी. घरी काम करणाऱ्या बाईंचा पगार तुम्ही सहा दिवस बाहेर आहात म्हणून कापू नये, कारण तुमच्या सुट्टीचा खर्च त्यांच्या घरातून निघणे योग्य नाही. आणि काटकसर फक्त स्वतःच्या ताटातून करू नका. तुमच्या यादीत तुमच्या नावावर एकही खर्च नाही, ही गोष्ट मला फार खटकली. पाच जणांची सहल असेल, तर पाचही जणांनी आपापली एखादी वस्तू सोडावी.

प्रश्न : आम्ही दोघेही महापे येथे नोकरी करतो आणि घरी पोहोचायला साडेआठ वाजतात. आठवड्यातून चार वेळा तरी जेवण मागवले जाते. ते कमी करून उन्हाळ्यात मुलांना हिमाचलला न्यावे असे वाटते, पण दमल्यावर स्वयंपाक होत नाही आणि मुलेही कुरकुर करतात.
— एक वाचक, कोपरखैरणे

उत्तर : साडेआठला घरी आल्यावर रोज सगळा स्वयंपाक करा, असे सांगणारा सल्ला अमलात येणारा नाही. परंतु मागवलेले जेवण आणि घरचा पूर्ण स्वयंपाक यांच्या मधली एक सोय आपल्याकडे गल्लोगल्ली आहे आणि ती म्हणजे पोळीभाजी केंद्र. स्वयंपाकात सर्वांत वेळ घेते ती पोळी. येताना पोळ्या विकत आणाव्यात आणि घरी फक्त वरण-भाताचा कुकर आणि एक भाजी करावी. भाज्या रविवारी निवडून आणि चिरून डब्यांत भरून ठेवल्या, तर अर्ध्या तासात पाने मांडता येतात. पोळ्या आणून पूर्ण जेवण करण्यासाठी चौघांना दीडशेच्या आसपास खर्च येईल. अॅपवरून मागवलेल्या जेवणाला पदार्थांच्या किमतीवर पॅकिंग, घरपोच सेवा, अॅपचे शुल्क आणि कर असे सगळे जोडून साडेपाचशे पडतात, हे तुम्हीच लिहिले आहे. चारऐवजी आठवड्यातून एकदाच मागवले, तर महिन्याच्या बारा संध्याकाळी प्रत्येकी ४०० रुपये, म्हणजे ४,८०० वाचतात.

ते खरोखर वाचावेत यासाठी एक गोष्ट कटाक्षाने करावी. ज्या संध्याकाळी जेवण मागवले नाही, त्याच संध्याकाळी पाने वाढायच्या आधी ४०० रुपये मोबाइलवरून सहलीच्या खात्यात पाठवावेत. हे काम मुलांकडे द्यावे. तुमची थोरली मुलगी सातवीत आहे. तुमच्यासमोर बसून ती पैसे पाठवील आणि वहीत मांडून ठेवील. मनालीच्या रस्त्यासाठी आज किती जमले हे जिला रोज दिसते, ती पिझ्झ्यासाठी हट्ट कमी करते. पैशाचे व्यवहार मुलांपासून लपवून त्यांच्याकडून समजूतदारपणाची अपेक्षा करणे मला बरोबर वाटत नाही.

तुमच्याकडे दोन वातानुकूलन यंत्रे आहेत, म्हणून थोडे विजेबद्दलही लिहिते. महावितरणच्या घरगुती दरात वापर १००, ३०० आणि ५०० युनिटच्या टप्प्यांपलीकडे गेला की पुढच्या युनिटांचा दर वाढत जातो, त्यामुळे शेवटची काही युनिटे सर्वांत महाग पडतात. यंत्राचे तापमान एक अंशाने वर ठेवले तर सुमारे सहा टक्के वीज वाचते, असे ऊर्जा दक्षता ब्यूरोचे सांगणे आहे. वीस अंशांऐवजी चोवीस अंश आणि जोडीला पंखा, एवढे केले तरी एप्रिल-मेच्या बिलात फरक दिसेल.

प्रश्न : आमच्या सोसायटीतल्या बारा जणी दरमहा ३,००० रुपयांची भिशी चालवतो. या वेळी भिशीच्या पैशांतून कुटुंबाला केरळला न्यावे असा विचार आहे. हे सुरक्षित आहे का?
— एक वाचक भगिनी, ऐरोली

उत्तर : भिशीबद्दल माझ्या मनात आदर आहे, कारण ज्या बायकांच्या हाती स्वतःचा म्हणावा असा पैसा कधी नव्हता, त्यांना तिनेच एकरकमी पैसा दाखवला. तुमचा नंबर लागेल तेव्हा ३६,००० रुपये हाती येतील. त्यावर व्याज मिळत नाही हे एक आणि नंबर कधी लागेल हे चिठ्ठीवर अवलंबून असते हे दुसरे. चिठ्ठी जुलैत निघाली आणि सहल मेमध्ये असली, तर ३६,००० रुपये दहा महिने घरात टिकवणे हेच अवघड होऊन बसते. ते आले त्याच दिवशी बँकेत मुदत ठेवीत टाकावेत. उलट, चिठ्ठी सहलीनंतर निघणार असेल तर तुमची अडचण होईल. म्हणून सुरुवातीलाच बैठकीत विचारून एप्रिलचा नंबर मागून घ्यावा. बहुतेक गटांत लग्न, शाळेची फी अशा कारणांसाठी असे नंबर आपसांत ठरवून दिले जातात.

सुरक्षिततेचे म्हणाल, तर नोंदणी केलेल्या चिट फंडांवर १९८२ च्या केंद्रीय कायद्याचे नियंत्रण असते. सोसायटीतली भिशी केवळ एकमेकींवरच्या विश्वासावर चालते. नंबर लागून गेलेल्या सभासदेने पुढचे हप्ते थांबवले, तर वसुलीसाठी फारसे काही हाती नसते. रोज समोर दिसणाऱ्या बारा जणी असतील आणि प्रत्येक हप्त्याची वहीत सही होत असेल, तर पुढे चालवावी. कोणी ओळखीच्या बाईंमार्फत पन्नास-साठ जणांची, जास्त परताव्याचे आमिष दाखवणारी भिशी सुचवली, तर तीत एक रुपयाही घालू नये.

प्रश्न : काश्मीरच्या सहलीसाठी एक प्रवासी कंपनी १,२०,००० रुपये मासिक हप्त्यांनी भरण्याची सोय देत आहे. आत्ता जाऊन यावे आणि वर्षभर हप्ते भरावेत, यात काय चुकीचे आहे? माझ्या पगारात रजेवर जाताना मिळणारा प्रवास भत्ताही (एलटीए) आहे, तो मी कधी वापरलेला नाही.
— एक वाचक, घणसोली

उत्तर : वर्षाला चौदा टक्के दर धरला, तर १,२०,००० रुपयांच्या कर्जाचा बारा महिन्यांचा हप्ता सुमारे १०,७७५ रुपये येतो आणि व्याजापोटी ९,३०० रुपये जास्त जातात. प्रक्रिया शुल्क आणि त्यावरचा अठरा टक्के कर वेगळा. बिनव्याजी हप्ता म्हणून जे देऊ केले जाते, त्यात रोख भरणाऱ्याला मिळणारी सूट बहुधा तुम्हाला मिळत नाही, ती विचारून घ्यावी. सहलीहून आल्यावर दरमहा १०,७७५ भरणे तुम्हाला जमणार असेल, तर सहलीआधी वर्षभर दरमहा १०,००० साठवणेही जमेल. मी तोच मार्ग घ्यावा असे सुचवीन. आजारपणासाठी किंवा शिक्षणासाठी कर्ज काढावे लागते, सहलीला तशी निकड नसते.

प्रवास भत्त्याचे म्हणाल, तर चार कॅलेंडर वर्षांच्या टप्प्यात भारतातल्या दोन प्रवासांच्या भाड्यावर करसवलत मिळते. सध्याचा टप्पा २०२६ ते २०२९ असा आहे. आधीच्या टप्प्यातला एक न वापरलेला प्रवास २०२६ मध्ये करता येतो. सवलत फक्त भाड्याला आहे, हॉटेल आणि जेवणाला नाही, आणि तुम्ही जुनी करपद्धत निवडली असेल तरच ती मिळते. सहलीची एकत्रित रक्कम भरली तर त्यातून भाडे वेगळे दाखवणे अवघड जाते, म्हणून विमानाची तिकिटे स्वतंत्र काढावीत आणि बोर्डिंग पास जपून ठेवावेत.

प्रश्न : मी ७६ वर्षांचा असून पत्नी ७० वर्षांची आहे. नऊ वर्षांचा नातू आणि चार वर्षांची नात यांना घेऊन पंढरपूर, अक्कलकोट आणि कोल्हापूर करायचे आहे. निवृत्तिवेतन बेताचे आहे. प्रवासात कोणत्या सवलती मिळतील?
— एक ज्येष्ठ वाचक, नेरूळ

उत्तर : काका, तुमच्या बेतासाठी एसटी सर्वांत स्वस्त पडेल. पंचाहत्तर वर्षे पूर्ण केलेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून राज्याच्या हद्दीत एसटीचा प्रवास मोफत आहे. काकूंचे तिकीट निम्मे लागेल. नातवाचेही अर्धे असेल आणि नातीला पाच वर्षे पूर्ण व्हायची असल्यामुळे तिकीटच लागणार नाही. आधार कार्ड जवळ ठेवावे. ठाणे आणि नवी मुंबईच्या परिवहन सेवांचे सवलतीचे नियम वेगळे आहेत, तेव्हा त्यांची या सवलतीशी गल्लत करू नये.

रेल्वेत ज्येष्ठ नागरिकांना पूर्वी मिळणारी भाड्याची सवलत मार्च २०२० पासून बंद आहे. अजूनही काही घरांत ती धरूनच हिशेब मांडला जातो आणि खिडकीवर गेल्यावर निराशा होते. खालच्या बर्थसाठी ज्येष्ठांचा स्वतंत्र कोटा मात्र आहे. पुरुषांना साठ आणि महिलांना पंचेचाळीस वर्षांपासून तो मिळतो, पण एकट्याने किंवा दोघांनीच प्रवास करत असाल तर. तुम्ही दोघांनी त्या कोट्यातून तिकीट काढले, तर नातवाचे तिकीट वेगळे निघेल आणि त्याचा डबाही कदाचित वेगळा येईल. म्हणून सर्वांचे तिकीट सर्वसाधारण कोट्यातून एकत्रच काढावे आणि अर्जावर तुमचे वय नीट लिहावे, म्हणजे शिल्लक असल्यास खालचा बर्थ आधी तुम्हाला मिळेल.

पाच ते बारा वर्षांच्या मुलाला बर्थ नको असेल तर अर्धे भाडे पडते आणि बर्थ हवा असेल तर पूर्ण. दिवसाच्या प्रवासात नातू तुमच्याजवळ बसून जाईल. कोल्हापूरहून परतताना रात्रीची गाडी घेणार असाल, तर मात्र त्याच्यासाठी पूर्ण भाडे भरून बर्थ घ्यावा. नात काकूंजवळ झोपेल आणि नऊ वर्षांच्या मुलालाही त्याच बर्थवर घेतले, तर काकूंना रात्रभर बसून राहावे लागेल.